मासिकातल्या लेखांचा सोर्स कोड डाउनलोड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी गेली बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवते. डिप्लोमाची, बीसीएची, बीएस्सी कॉम्प्युटरची मुलं-मुली येतात. उद्यमनगरात दिवसभर मशीनवर उभं राहून संध्याकाळी येणारेही दोघं-तिघं आहेत. खोलीत एक कपाट फक्त संगणकाच्या मासिकांचं आहे. काही अंक वर्गणी भरून घेतलेले, बरेचसे लक्ष्मीपुरीत रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेले. कुणी अंक हातात घेतला की लेख अर्धा वाचून होतोय न होतोय तोच विचारणा होते, "मॅडम, ह्याचा कोड कुठं मिळंल?" कोड म्हणजे सोर्स कोड, प्रोग्रॅमच्या मूळ ओळी. त्या एका प्रश्नाच्या पोटातून पुढचे सगळे निघतात. ते इथे लिहून काढलेत, साधारण ज्या क्रमाने विचारले जातात त्याच क्रमाने.

कोड लेखात छापलेला असतोच की. मग वेगळा डाउनलोड कशाला करायचा?

कारण छापलेला कोड बहुतेक वेळा अर्धाच असतो. मासिकाचं पान मोजकं. लेखक मुद्द्याच्या ओळी ठेवतो आणि बाकीच्या जागी तीन टिंबं देतो. वरच्या इम्पोर्टच्या ओळी, कॉन्फिगरेशनची फाइल, डेटाबेसचे टेबल तयार करणारी स्क्रिप्ट, चाचणीसाठीचा डेटा यातलं काही कागदावर येत नाही. ते सगळं झिपमध्ये, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेल्या डाउनलोडच्या फाइलीत असतं.

दुसरं म्हणजे पीडीएफमधून कोड कॉपी केला की तो हमखास बिघडतो. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात आणि कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ती ओळखत नाही. पायथॉनच्या ओळींपुढची मोकळी जागा नाहीशी होते, आणि पायथॉनमध्ये ती जागा हेच व्याकरण. दोन कॉलमचं पान असेल तर लांब ओळ मधेच तुटते. स्कॅन केलेल्या जुन्या अंकात तर एक हा आकडा आणि एल हे अक्षर, शून्य आणि ओ यांची सर्रास अदलाबदल झालेली असते.

तरीही वीस-तीस ओळींचा प्रोग्रॅम असेल तर मी मुलांना तो हाताने टाइपच करायला लावते. टाइप करताना प्रत्येक ओळ डोळ्याखालून जाते, डाउनलोड करताना एकही जात नाही. एकेकाळी दुसरा मार्गच नव्हता. डॉ. डॉब्ज जर्नल १९७६ मध्ये निघालं तेच मुळी टायनी बेसिक या छोट्या भाषेचा कोड छापून लोकांपर्यंत पोचवायला. वाचक तो पानांवरून उतरवून घ्यायचे. बाइट मासिकाने त्याच दशकात प्रोग्रॅम बारकोडच्या रूपात छापून पाहिले. इंटरफेस एज या मासिकाने मे १९७७ च्या अंकात वाकणारी पातळ ध्वनिमुद्रिका दिली होती, तिच्या आवाजातून प्रोग्रॅम संगणकात चढवायचा. पुढे १९८३ मध्ये कॉम्प्यूट्स गॅझेटने प्रत्येक ओळीची बेरीज तपासणारा छोटा प्रोग्रॅम छापायला सुरुवात केली, म्हणजे टाइप करतानाची चूक त्या ओळीवरच सापडावी. कोड वाचकाच्या हातात अचूक पडावा यासाठी संपादकांनी किती खटपट केली ते पाहिलं, की एका क्लिकवर मिळणारी झिप फाइल मला आजही मोलाची वाटते.

कोडची लिंक अंकात नेमकी कुठं असते?

आधी लेखाच्या सुरुवातीची किंवा शेवटची चौकट बघा. तिथे नसेल तर लेखकाच्या दोन ओळींच्या परिचयाखाली बघा. अलीकडच्या लेखांत गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या लेखकाच्या खात्याचा पत्ता तिथेच असतो. तरी सापडली नाही तर अनुक्रमणिकेचं पान उघडा. सगळ्या लेखांचा कोड महिन्यावारी एका जागी ठेवण्याची पद्धत कित्येक मासिकांची होती, तेव्हा अंकाचा महिना आणि वर्ष माहीत असलं की काम होतं. आपल्याकडच्या लिनक्स फॉर यू, पीसीक्वेस्ट, डिजिट या मासिकांसोबत सीडी किंवा डीव्हीडी यायची. लेखात "सोबतच्या सीडीवर" असं म्हटलं असेल तर इंटरनेटवर लिंक शोधत बसू नका, ती बहुधा कधी नव्हतीच.

नाव बदललेल्या मासिकांकडे लक्ष ठेवा. लिनक्स फॉर यू २००३ मध्ये सुरू झालं आणि २०१२ पासून ते ओपन सोर्स फॉर यू या नावाने निघतं. एकाच नावाने शोधलंत तर निम्मे अंक हाती लागणार नाहीत.

कागदावरचा पत्ता टाइप करताना एक फसगत नेहमी होते. ओळीच्या शेवटी पत्ता तुटला असेल आणि तिथे छोटी आडवी रेघ असेल, तर ती रेघ पत्त्यातली की छपाईतली हे कळत नाही. रेघेसह आणि रेघेशिवाय दोन्ही करून बघा. लहान-मोठी रोमन लिपीची अक्षरं छापलीत तशीच ठेवा.

गिटहबवर पोचलो, पण डाउनलोडचं बटणच दिसंना.

हिरव्या रंगाचं 'कोड' असं बटण आहे, ते दाबलं की खाली 'डाउनलोड झिप' दिसतं. एकच फाइल हवी असेल तर तिच्या नावावर उजवी क्लिक करून 'सेव्ह' करू नका. तसं केलं की कोडऐवजी त्या पानाचं एचटीएमएल हाती येतं. फाइल उघडा, वर 'रॉ' असं बटण आहे ते दाबा आणि मग सेव्ह करा.

खरी मेख पुढे आहे. लेख समजा २०१८ चा. लेखकाने त्यानंतर कोड सुधारत नेला. आज तुम्ही झिप घेतली तर आजचा कोड येतो, लेखातला नाही. लेखात एक फंक्शन, झिपमध्ये भलतंच, आणि मुलं म्हणतात लेख चुकीचा आहे. अशा वेळी 'टॅग' किंवा 'रिलीज' बघा, म्हणजे कोडच्या त्या-त्या वेळच्या अवस्थेला दिलेलं नाव. भले लेखक लेखाच्या नावाने किंवा अंकाच्या महिन्याने टॅग देऊन ठेवतात. टॅग नसेल तर कमिटची, म्हणजे वेळोवेळी नोंदवलेल्या बदलांची, यादी उघडा, अंक ज्या महिन्यात निघाला त्याच्या आसपासची कमिट निवडा आणि तिथून झिप घ्या.

झिपमधला एखादा फोल्डर रिकामा निघाला तर तो बहुधा सबमॉड्यूल असतो, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या कोडकडे बोट दाखवणारा. डाउनलोड झिपमध्ये तो भरून येत नाही. त्यासाठी गिट हा बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बसवून सबमॉड्यूलसकट क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घ्यावी लागते. आणि फोल्डरच्या नावाला शेपटी कधी 'मास्टर', कधी 'मेन' का, असंही विचारतात. ऑक्टोबर २०२० पासून गिटहबने नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचं नाव मेन केलं, एवढंच त्यामागे आहे.

मॅडम, लिंक उघडतच न्हाई. आता काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि दरवर्षी जास्तच येतो.

लिंक मरते त्याला कारणं असतात, आणि कारण कळलं की पुढे कुठे शोधायचं ते कळतं. कधी मासिकच बंद पडतं. बाइट छापील रूपात १९९८ ला थांबलं. डॉ. डॉब्ज २००९ मध्ये कागदावरून उठलं आणि २०१४ च्या अखेरीस त्याचं कामही बंद झालं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएन मॅगझीनचा शेवटचा अंक नोव्हेंबर २०१९ चा. कधी मासिक शाबूत असतं, पण कोड जिथे ठेवला होता ती जागा जाते. गुगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स डिसेंबर २०१७ मध्ये. त्या काळातल्या कितीतरी लेखांनी या दोन ठिकाणांचे पत्ते दिले होते. आणखी एक कारण फार कमी जणांना ठाऊक असतं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये शा-१ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या पद्धतीने डिजिटल सही केलेल्या फाइली आपल्या डाउनलोड सेंटरवरून काढून टाकल्या. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण त्यानंतर जुन्या फाइलींच्या कित्येक लिंक अचानक निकामी झाल्या.

मी शोधते ते असं. मेलेला पत्ता जसाच्या तसा उचलून इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबच्या जुन्या पानांच्या साठ्यात, टाकते आणि अंक निघाल्यानंतरच्या वर्षभरातली तारीख निवडते. पान बऱ्याचदा मिळतं, झिप मिळेलच असं नाही. पण पानावरून फाइलचं नेमकं नाव कळतं. मग ते नाव अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. कुणीतरी तीच फाइल आपल्याकडे ठेवलेली सापडते. तेही जमलं नाही तर लेखातल्या कोडमधलं एखादं वेगळं वाटणारं क्लासचं किंवा फंक्शनचं नाव गिटहबच्या शोधात टाकायचं. लेखकाने कोड नव्या जागी हलवला असेल तर तो असा हाती येतो. इंटरनेट आर्काइव्हवर मासिकांच्या स्कॅन केलेल्या अंकांशिवाय अंकासोबतच्या सीडींच्या प्रतीही आहेत, तिकडे फार थोडे लोक वळतात. शेवटचा मार्ग म्हणजे लेखकालाच पत्र. मी आजवर मोजकीच पत्रं पाठवली, त्यातल्या तिघांनी उत्तर दिलं आणि एकाने तर जुन्या डिस्कवरून फाइल शोधून पाठवली. पत्रात अंकाचा महिना, लेखाचं नाव आणि फाइलचं नाव लिहा. "सर, प्लीज सेंड कोड" एवढ्यावर कुणाला काही कळत नाही.

आता माझंच सांगते. आम्ही पूर्वी शाहूपुरीत कुंभार गल्लीकडे तळमजल्यावर राहत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे किती ते बघा. घरात पाणी आलं. माणसं आणि कागदपत्रं वर हलवली, मासिकांचे खालचे दोन कप्पे राहिले. कागदी पाकिटातल्या सीडी चिखलात चिकटून एकजीव झाल्या. त्यात नेटवर्क प्रोग्रॅमिंगवरची एक लेखमाला होती, मी ती मुलांना दरवर्षी शिकवायची. तिचा कोड मी कधी डाउनलोडच केला नव्हता, अंकात लिंक आहे, हवा तेव्हा घेऊ, असं म्हणत राहिले. पुढे त्या अंकांचे स्कॅन मला मिळाले. लिंक मेली होती. कोड आजतागायत सापडलेला नाही. लेख कोडशिवाय अर्धा आणि कोड लेखाशिवाय मुका, हे मी तेव्हा शिकले. म्हणून मुलांना माझं एकच सांगणं असतं. लेख आवडला त्याच दिवशी कोड घ्या आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा.

सीडी आहे, पण लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. चार मित्रांत एक घेतला तरी पुरतो. सीडी नुसती बघून परत ठेवू नका, सगळ्या सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे अख्खी सीडी एका फाइलीत, करून घ्या. जुनी सीडी पुढच्या वेळी वाचली जाईलच असं नाही. धूळ असेल तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोल गोल नको.

झिप उघडताना एरर येते.

आधी फाइलचा आकार बघा. काही किलोबाइटचीच असेल आणि कोड मोठा असायला हवा होता, तर झिपच्या नावाने एररचं पानच सेव्ह झालेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडलं की कळतं.

फाइल ठीक असेल तर मार्ग लांब झालाय का ते बघा. विंडोजचे कित्येक प्रोग्रॅम अजून २६० अक्षरांपलीकडचा फाइलमार्ग घेत नाहीत, आणि आपण झिप उघडतो डेस्कटॉप, त्यात न्यू फोल्डर, त्यात प्रोजेक्ट फायनल, त्यात झिपच्याच नावाचा फोल्डर अशा भुयारात. सी ड्राइव्हवर सरळ एक छोट्या नावाचा फोल्डर करा आणि तिथे उघडा.

पूर्वी मासिकं कोड स्वतःच उघडणाऱ्या ईएक्सई फाइलीत द्यायची. एमएसडीएन मॅगझीनच्या जुन्या अंकांचा कोड असाच मिळायचा. त्यातली डॉसच्या काळातली, १६ बिटांची फाइल आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही. ती चालवायची गरजही नाही. सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमने तिच्यावर उजवी क्लिक करून उघडा, आतल्या फाइली बहुतेक वेळा तशाच निघतात. अनोळखी ईएक्सई चालवण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे.

उघडलं, पण व्हिज्युअल स्टुडिओ म्हणतो ह्या प्रोजेक्टवर भरवसा नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ हा मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा प्रोग्रॅम. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक खूण ठेवतं. झिप उघडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'वर टिक करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा. आधी एक्स्ट्रॅक्ट केलंत तर खूण आतल्या फाइलींवर उतरते आणि त्रास वाढतो. अर्थात ही टिक करण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

ह्यात व्हायरस नसंल ना?

सोर्स कोड हा वाचता येणारा मजकूर आहे, आणि वाचता येतो म्हणूनच तो आधी वाचायचा. झिपमध्ये तयार ईएक्सई किंवा डीएलएल असतील तर त्या वापरू नका. कोडवरून प्रोग्रॅम स्वतः बिल्ड करा, म्हणजे तयार करा. व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट बिल्ड होण्याआधी किंवा नंतर कमांड चालवू शकतो. नोडच्या पॅकेजमध्ये इन्स्टॉल करतानाच चालणाऱ्या स्क्रिप्ट असू शकतात. त्या ओळी कुठे असतात ते शिकून घ्या आणि बिल्डचं बटण दाबण्याआधी त्यांच्यावर नजर टाका. मासिकाने किंवा लेखकाने शा-२५६ ची किंमत (फाइलच्या मजकुरावरून मोजलेली खूण) दिली असेल तर ती जुळवा. सेव्हन-झिपच्या उजव्या क्लिकमध्येच ती मोजायची सोय आहे. ६४ चिन्हं येतात, पहिली आणि शेवटची चार बघून सोडू नका, सगळी जुळवा.

मूळ जागा सोडून भलत्या ठिकाणून फाइल घेतली असेल तर एवढ्याने भागत नाही. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या बनावट संगणकात, उघडा. घरच्या ज्या संगणकावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब आहे, त्याच्यावर तर मुळीच नको.

कोड मिळाला, पण रन होत नाही.

बहुतेक वेळा कोड चुकीचा नसतो, जुना असतो. भाषा पुढे गेली आणि कोड आपल्या काळातच राहिला.

आपल्याकडे सगळ्यात जास्त अडचण टर्बो सी++ ची. १९९१ चा तो कंपायलर आपल्या कॉलेजांत इतकी वर्षं शिकवला गेला, की त्या काळच्या मासिकांतला सी आणि सी++ चा कोड सगळा त्याच वळणाचा आहे. आजच्या जीसीसी या कंपायलरला दिला की पहिलीच एरर येते, 'आयओस्ट्रीम डॉट एच' सापडत नाही. १९९८ च्या प्रमाणकात ती हेडर फाइल 'डॉट एच' शिवाय आली. 'क्लियरस्क्रीन'साठीची कोनिओ आणि चित्रांसाठीची ग्राफिक्स डॉट एच ही तर प्रमाणकात कधी नव्हतीच. ग्राफिक्सचा कोड असेल तर माझा सल्ला असा, की आधी डॉसबॉक्स या जुनं डॉस चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टर्बो सी++ घालून तो जसाच्या तसा चालवा. पडद्यावर काय यायला हवं ते डोळ्यांनी बघा. त्यानंतरच नव्या लायब्ररीत लिहायला घ्या. काय घडायला हवं तेच माहीत नसेल तर बदल बरोबर झाला हे कशावरून ठरवणार?

पायथॉनचा कोड असेल आणि प्रिंटपुढे कंस नसेल तर तो पायथॉन २ चा. त्याची मुदत १ जानेवारी २०२० ला संपली. टूटूथ्री नावाचं साधन ते बदलून द्यायचं, पण पायथॉन ३.१३ पासून तेही सोबत येत नाही. लहान कोड हातानेच बदला. मात्र भागाकाराकडे लक्ष द्या. पायथॉन २ मध्ये ७ भागिले २ म्हणजे ३ यायचे, आता ३.५ येतात. इथे एरर येत नाही, उत्तर मात्र बदलतं.

पीएचपीच्या जुन्या लेखांत 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे फंक्शन असतंच. पीएचपी ७ मध्ये, २०१५ च्या डिसेंबरात, ते काढून टाकलं. तिथे नुसतं नाव बदलून 'मायएसक्यूएलआय' करू नका, पीडीओ ही डेटाबेसशी जोडायची पद्धत शिका. जावाच्या लेखात जेएक्सबी (एक्सएमएल हाताळायचं साधन) असेल तर ते जावा ११ पासून वेगळं जोडावं लागतं.

"नॉर्थविंड डेटाबेस सापडत नाही" ही तक्रारही नेहमीची. मायक्रोसॉफ्टच्या जगातले निम्मे लेख या नमुना डेटाबेसवर उभे आहेत आणि तो झिपमध्ये नसतो, कारण तेव्हा तो प्रत्येकाकडे असायचाच. त्याची स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरच्या नमुन्यांसोबत गिटहबवर ठेवली आहे. ती चालवा आणि मग कनेक्शनच्या ओळीत आपल्या सर्व्हरचं नाव घाला. लेखकाच्या मशीनचं नाव तिथे तसंच राहिलेलं असतं.

आणि रीडमी नावाची फाइल. मी कितीही वेळा सांगितलं तरी ती शेवटी उघडली जाते. ती पहिली उघडा.

मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

दोन वेगळे आजार आहेत. दिसणारी चिन्हं नेहमीची रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं असतील तर मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटसाठी लिहिलेला आहे. आत मराठी नाहीच. रोमन अक्षरांचे क्रमांक आहेत, त्या फाँटमध्ये त्यांच्यावर मराठी आकार बसवलेत. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक फाँटचा बदल वेगळा.

पण प्रत्येक मराठी अक्षरासाठी तीन-तीन विचित्र, डोक्यावर रेघा असलेली चिन्हं दिसत असतील, तर मजकूर चांगला युनिकोडच आहे, फक्त तुमचा एडिटर तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून तीन. एडिटरमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. विंडोजच्या काळ्या पडद्यावर हवं असेल तर आधी कोड पेज ६५००१ करा. चुकीचं दिसत असताना फाइल सेव्ह करू नका, त्याने खरंच बिघडतं.

हा कोड कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये वापरला तर चालेल का? आणि धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये?

मासिकात छापून आला म्हणून कोड सगळ्यांचा होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचंच संरक्षण आहे. झिपमध्ये लायसन्सची फाइल आहे का ते बघा. एमआयटी असेल तर लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवून धंद्यातही वापरता येतो. जीपीएल असेल आणि तुम्ही सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला दिलंत, तर सोर्सही द्यावा लागतो. काहीच लिहिलेलं नसेल तर परवानगी नाही असं समजा आणि विचारा. टायनी बेसिकच्या काळात ली-चेन वांग यांनी आपल्या कोडवर 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड' असं लिहिलं होतं. तसा दिलदार शेरा प्रत्येक फाइलवर नसतो.

कॉलेजच्या प्रोजेक्टचं म्हणाल तर वापरा, पण अहवालात मासिक, महिना आणि लेखकाचं नाव लिहा. तोंडी परीक्षेत "हे मी लिहिलं" म्हणणाऱ्याला दुसऱ्याच प्रश्नाला थांबावं लागतं. "हे इथून घेतलं आणि यात हे बदललं" म्हणणारा दहा मिनिटं बोलू शकतो.

धंद्यासाठी लायसन्सपेक्षा मला दुसरी काळजी जास्त वाटते. मासिकातला कोड एक कल्पना समजावायला लिहिलेला असतो. चुका सांभाळणाऱ्या ओळी लेखक मुद्दाम गाळतो, नाहीतर मुद्दा त्यांत हरवेल. माझ्या एका विद्यार्थ्याने उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपला बिलाचं सॉफ्टवेअर करून दिलं, पाया एका लेखातल्या नमुन्याचा. गिऱ्हाइकाचं नाव थेट एसक्यूएलच्या ओळीत चिकटवलेलं. वर्षभर सुरळीत चाललं. मग आजऱ्याकडचं एक गिऱ्हाईक आलं, आडनाव डि'सोझा. त्या आडनावातल्या एका चिन्हाने एसक्यूएलची ओळ मधेच संपली आणि बिल निघेना. नशीब म्हणायचं की ते आडनाव होतं. त्याच फटीतून कुणी जाणूनबुजून शिरला असता तर सगळी खाती पुसता आली असती. नाव ओळीत न चिकटवता पॅरामीटर म्हणून वेगळं देऊन ती ओळ आम्ही त्याच संध्याकाळी नीट केली. नमुन्याचा कोड गिऱ्हाइकाकडे न्यायचा असेल तर एसक्यूएल, पासवर्ड आणि फाइलचे मार्ग या तीन जागा स्वतः बसून तपासा. सोबत आलेल्या लायब्रऱ्याही नव्या करा. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली सुरक्षेची चूक उघड झाली, तेव्हा असे किती जुने नमुने तसेच चालू असतील या विचाराने मी बेचैन झाले होते.

लेखातला कोड आणि डाउनलोड केलेला कोड जुळत नाहीत. खरा कुठला?

बहुधा डाउनलोड केलेला. अंक छपाईला गेल्यावर सापडलेली चूक लेखक झिपमध्ये दुरुस्त करू शकतो, कागदावर नाही. पुढच्या एक-दोन अंकांतली चूकभूल आणि वाचकांची पत्रंही चाळा.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

वाचायला पुरतो. ब्राउझरच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' निवडली की गिटहबचं हिरवं बटण दिसतं. अँड्रॉइडवर झिप उघडता येते, आणि टर्मक्स हे ॲप बसवलं तर पायथॉन आणि सी चे छोटे प्रोग्रॅम चालतातसुद्धा. माझ्याकडे कागलहून येणारी एक मुलगी पहिलं वर्षभर एसटीत बसून मोबाइलवरच कोड वाचायची, आणि वाचण्यात ती सगळ्यांच्या पुढे होती. चालवायला मात्र कॉलेजच्या लॅबमधली किंवा आमच्या खोलीतली मशीन वापरा.

डाउनलोड केल्यावर ठेवायचं कसं? महिन्याभराने काहीच सापडत नाही.

डाउनलोड्स फोल्डरमध्ये 'सोर्स', 'सोर्स कंसात एक', 'सोर्स कंसात दोन' अशा फाइली साठल्या की त्या असून नसल्यासारख्याच. मी फोल्डरला मासिकाचं नाव, वर्ष, महिना आणि लेखाचे दोन शब्द या क्रमाने नाव देते. वर्ष आधी, महिना आकड्यात, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. आत तीन गोष्टी. न उघडलेली मूळ झिप, लेखाची पीडीएफ किंवा पानांचे फोटो, आणि एक साधी मजकूर फाइल. तिच्यात कोड कुठून घेतला तो पत्ता, तारीख, आणि चालवायला काय-काय करावं लागलं ते. शेवटचं फार महत्त्वाचं. दोन तास खटपट करून जे चालवलंत ते सहा महिन्यांनी परत दोन तास घेतं, लिहून ठेवलं असेल तर दहा मिनिटं.

मूळ झिपला हात लावायचा नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडा, तिथे गिट सुरू करा आणि एकही अक्षर बदलायच्या आत पहिली कमिट करा. मग काय लेखकाचं आणि काय तुमचं हे कायम वेगळं दिसतं. एक प्रत घराबाहेर ठेवा, क्लाउडवर किंवा नदीपासून लांब राहणाऱ्या मित्राकडे.

तुमच्या कपाटातले अंक घरी नेता येतील का?

नाही. उरलेत ते थोडे आहेत. इथे बसून वाचा, हव्या त्या पानांचे फोटो काढा. ज्या कोडचं लायसन्स परवानगी देतं तो मी महिन्यावारी लावून ठेवला आहे, तो देते. येताना पेनड्राइव्ह रिकामा करून आणा, कमीत कमी १६ जीबीचा.